न चिकटणारं ल्युटेशियम

मी नोकरीत नेमकं काय केलं हे माझ्या सख्ख्या नणंदेला अजून कळलेलं नाही. ती सगळ्यांना सांगते, "आमची नीलावहिनी एक्स-रे काढायची." मी उभ्या जन्मात एकही एक्स-रे काढलेला नाही. जयेंद्रगंजातल्या आमच्या शेजारीणबाईंची समजूत त्याहून वेगळी. मी बॉम्बच्या खात्यात होते आणि दवाखाना हे नुसतं सांगायचं नाव होतं, असं त्या ठामपणे मानतात. दिवाळीत मी पाठवलेल्या चकल्या त्यांच्या घरी कोणी खातं की नाही, हे विचारायचं मी केव्हाच सोडून दिलं.

म्हणून या अंकाच्या निमित्तानं एकदाच लिहून टाकते. मी ग्वाल्हेरच्या एका कॅन्सरच्या दवाखान्यात रेडिओफार्मसिस्ट होते, म्हणजे किरणोत्सारी औषधं तयार करणारी. औषधं म्हणायचं इतकंच, कारण त्यातली बहुतेक काही बरं करत नाहीत, फक्त दाखवतात. एक्स-रेत किरण बाहेरून शरीरात जातात. आमच्याकडे उलटं. रोग्याला चिमूटभर किरणोत्सारी द्रव्य टोचायचं, ते शरीरात जाऊन हव्या त्या जागी बसतं, आणि तिथून बाहेर येणारे किरण कॅमेरा टिपतो. द्रव्य योग्य जागी बसलं तर चित्र. नाही बसलं तर नुसता धुरळा आणि माझ्या नावानं शिमगा.

बरीच वर्षं थायरॉइड, हाडं आणि मूत्रपिंडं यांत गेली. त्यात सांगण्यासारखं फार नाही. सांगण्यासारखी आहेत ती शेवटची काही वर्षं, फुप्फुसाच्या कॅन्सरची.

आमच्या भागातली फुप्फुसं हा एक वैतागच आहे. दगडाच्या खाणी, बिडी आणि टीबी, तिन्ही एकाच छातीत सापडतात. कॅन्सरच्या पेशी साखर जास्त खातात, म्हणून किरणोत्सारी साखर टोचून स्कॅन काढतात. पण टीबीची गाठही साखर खाते. खाणीतल्या धुळीनं सुजलेल्या गाठीही खातात. चित्र आलं की छातीत दहा ठिकाणी उजेड, आणि त्यातला कॅन्सर कुठला हे सांगायला कोणी नाही. आमचे विभागप्रमुख डॉक्टर भदौरिया भिंडचे. साधं बोलले तरी भांडल्यासारखं वाटायचं. एक दिवस त्यांनी असंच एक चित्र माझ्या टेबलावर टाकलं.

"मैडम, यह शक्कर वाला स्कैन हमारे इलाके के लिए बना ही नहीं है. सब चमकता है. कुछ ऐसा बनाइए जो टीबी को देखे ही नहीं."

जणू काही मी हलवाई होते.

पण असं काही बनवता येतं हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. फुप्फुसाच्या काही कॅन्सरमध्ये पेशींच्या अंगावर एक विशिष्ट खूण प्रमाणाबाहेर असते. फक्त तिलाच जाऊन चिकटणारं प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, मिळतं. प्रतिपिंड तयार करणं माझं काम नव्हतं, ते कुपीत भरूनच यायचं. माझं काम त्याच्या पाठीवर किरणोत्सारी धातूचा अणू बांधण्याचं. धातूचं नाव ल्युटेशियम. तो थेट बांधता येत नाही, म्हणून आधी प्रतिपिंडाला एक चिमट्यासारखा रेणू जोडायचा आणि मग त्या चिमट्यात ल्युटेशियम पकडायचं. ऐकायला सोपं आहे. प्रतिपिंड म्हणजे प्रथिन, जास्त तापवलं तर अंड्याच्या बलकासारखं गोठून जातं. त्यामुळे कोमट ठेवून तासभर हळू हलवत बसायचं. शेवटी कागदाच्या पट्टीवर एक थेंब ठेवून पट्टी द्रावात उभी करायची. सुटं ल्युटेशियम द्रावाबरोबर वर चढतं, बांधलेलं खालीच राहतं. शंभरातले पंचाण्णव भाग खाली राहिले तर ते रोग्याला द्यायचं. नाहीतर शिशाच्या भांड्यात कचरा म्हणून ठेवायचं.

नीतिसमितीची परवानगी मिळाली, कागद झाले, आणि मी पहिली कुपी तयार केली. खाली राहिले चाळीस.

दुसऱ्यांदा पस्तीस. तिसऱ्यांदा बावन्न, आणि त्याचा मला मूर्खासारखा आनंद झाला. चौथ्यांदा पुन्हा तीस.

हे ल्युटेशियम मुंबईकडच्या अणुभट्टीतून यायचं. विमानानं दिल्ली, दिल्लीहून गाडीनं ग्वाल्हेर. आठवड्याभरात ते जवळजवळ निम्मं होतं, म्हणजे वाटेत कोणी चहाला थांबलं तरी मला बोचायचं. एकदा ड्रायव्हरचा फोन आला, "मैडम, डिब्बा पड़ाव पे होटल में रख दिया है, मेरी वापसी की सवारी बैठी है." मी ऑटो करून स्टेशनाजवळच्या पडाव भागात पोचले तर किरणोत्साराचं पिवळं लेबल भिंतीकडे फिरवून डबा समोशांच्या परातीशेजारी बसवलेला. हॉटेलवाल्यानं वर विचारलं, "कुछ खाने का है क्या?" मी मोजमाप केलं. बाहेर काही सांडलं नव्हतं. मग मी तक्रार लिहिली. तिचं उत्तर आलं की ड्रायव्हरला समज देण्यात आली आहे. त्यानंतरच्या खेपेला डबा त्याच हॉटेलात, फक्त लेबल पुढे.

हे सगळं चाललेलं असताना रोगी थांबलेले होते. त्यातले एक दिनकरराव जाधव. ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातच राहायचे, घराणं पूर्वी फौजेतलं, पण स्वतः रेल्वेत चौकशीच्या खिडकीत बसून निवृत्त झालेले. डाव्या फुप्फुसात गाठ, ती कॅन्सरची हे पक्कं. छातीच्या मधल्या भागातल्या गाठीही साखरेच्या स्कॅनमध्ये उजळलेल्या. त्यात कॅन्सर असेल तर ऑपरेशन नाही, टीबी असेल तर ऑपरेशन होऊ शकतं. सुई घालून पाहण्याचा प्रयत्न झाला, हाती काही लागलं नाही. आमच्या अभ्यासात त्यांचं नाव आलं ते म्हणून.

दिनकरराव पहिल्यांदा आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, मुलगी बरोबर. मी त्यांना सांगितलं की औषध आज जमलं नाही, पुढच्या खेपेला.

"ठीक आहे ताई," ते म्हणाले. "पुढची खेप केव्हा?"

"तीन आठवड्यांनी."

दुसऱ्यांदाही तेच झालं. पट्टी हातात घेऊनच मी बाहेर आले. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं, कारण मी तोंड उघडायच्या आधीच ते उठले आणि मुलीला म्हणाले, "चल, आज नाही व्हायचं." ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. तिसऱ्यांदा जानेवारीतलं धुकं. गाडी मुरैनाच्या अलीकडे अडकली आणि डबा दोन दिवस उशिरा आला. त्यानंतर डॉक्टरांनी वाट पाहणं थांबवून केमोथेरपी सुरू केली. त्यांचं बरोबरच होतं. कॅन्सर माझ्या पट्टीसाठी थांबणार नव्हता.

मी मात्र दोष शोधत फिरत होते. कारण काय असावं हे मला पुस्तकातून माहीत होतं: लोखंड. त्या चिमट्याला लोखंडही आवडतं. टेम्पोत जशी एखाद्यानं आधीच रुमाल टाकून जागा धरलेली असते, तसं लोखंडाचे अणू चिमट्यात आधी जाऊन बसतात आणि ल्युटेशियम उभंच राहतं. लागतं तेही इतकं थोडं की डोळ्यांना दिसत नाही. मी पाण्यावर संशय घेतला, तीन ठिकाणचं पाणी बदललं. भांडारवाल्याशी भांडले. मुंबईला फोन करून ल्युटेशियमच अशुद्ध आहे असं सुनावलं. तिथल्या माणसानं शांतपणे सांगितलं की तेच ल्युटेशियम इतर चार ठिकाणी व्यवस्थित चिकटतं आहे. मी फोन ठेवला आणि रामसेवककडे वळले.

रामसेवक आमच्या विभागातला सगळ्यात जुना अटेंडंट. निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष राहिलेलं, स्वच्छतेचं वेड. मी त्याची लोखंडी बादली काढली. भांडी घासायची तारेची घासणी काढली. शेवटी खोलीच्या कोपऱ्यात असायचा तो त्याचा स्टीलचा टिफिनही बाहेर काढला. त्याच्या हातचं काहीही प्रयोगाच्या जवळ येत नव्हतं, पण मी तर्काच्या पलीकडे गेले होते.

तीन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी मी प्रतिपिंड आणि ल्युटेशियम ज्यात मिसळायचे ते द्रावण नव्यानं करायला बसले. तराजूवर कागद ठेवला, बाटली उघडली आणि क्षार काढू लागले. रामसेवक फरशी पुसत होता. पुसता पुसता थांबला.

"मैडम, एक बात कहें?"

"बोलो."

"हमारा टिफिन बाहर. और आपका चम्मच अंदर?"

माझ्या हातात क्षार काढायची स्टीलची चपटी चमची होती. ती मी नोकरीच्या पहिल्या वर्षापासून वापरत होते. दांड्याजवळ आम्लानं खाल्ल्याच्या बारीक तांबूस खुणा होत्या. आधीच्या सगळ्या औषधांना त्या चमचीनं काही फरक पडत नव्हता, त्यामुळे ती मला दिसेनाशीच झाली होती. प्रत्येक द्रावण मी तिनंच केलं होतं. आणि 'धातूचा स्पर्श टाळा' ही सूचना मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर मीच लावली होती.

मी ते द्रावण फेकलं. प्लॅस्टिकच्या चमच्यानं नवीन केलं. मागच्या खेपेचं थोडं ल्युटेशियम उरलं होतं, त्यावर करून पाहिलं. पट्टी मोजली. सत्त्याण्णव.

मोजणारं यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं आणि परत मोजलं. सत्त्याण्णव. सात महिने मी विमानसेवा, राष्ट्रीय महामार्ग, अणुभट्टी आणि एका म्हाताऱ्या माणसाचा टिफिन यांना दोष देत होते. मी रामसेवकला टिफिन आत ठेवायला सांगितलं. तो म्हणाला, "अब बाहर ही ठीक है. धूप लगती है, खाना गरम रहता है."

दिनकरराव तेव्हा वॉर्डात होते. त्यांना सांगायची काही गरज नाही, असं भदौरियासाहेबांचं मत. "मैडम, उससे किसका भला होगा? और स्कैन हो भी जाता तो शायद ऑपरेशन न होता." 'शायद' हा शब्द त्यांनी हळू उच्चारला. मी दोन दिवस गेले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी गेले. मुलगी पाणी आणायला बाहेर गेली होती. मी खुर्ची ओढून बसले आणि सगळं सांगितलं. चमचा, क्षार, सात महिने.

ते उशीला टेकून बसले. मग म्हणाले, "ताई, मी सव्वीस वर्षं खिडकीत बसलो. लोक विचारायचे, गाडी लेट का आहे? मला काही माहीत नसायचं. वरून फक्त वेळ कळायची. मग मी सांगायचो, 'सिग्नल की वजह से.' खोटंच."

"मला तुमची माफी मागायची आहे," मी म्हणाले.

"ते ऐकलं मी. पण आता पुढच्या माणसाची गाडी वेळेवर निघेल ना?"

मी हो म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, आणि मीही पुन्हा विचारलं नाही. उन्हाळ्यात ते गेले. त्यांच्या छातीतल्या त्या मधल्या गाठी कसल्या होत्या हे कोणालाच कधी कळलं नाही. ते मला आजही खुपतं.

पुढचा माणूस म्हणजे हल्के. घाटीगावकडच्या खाणीत दगड फोडणारा, पन्नाशीचा, बोटं दगडासारखीच. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला कॅन्सर, आणि डावीकडे चार-पाच गाठी. सगळं उजळलेलं. तीच अडचण: डावीकडचं काय आहे? बरोबर त्याची बायको गेंदाबाई. मी स्कॅन समजावून सांगत होते तेव्हा तिनं मध्येच विचारलं, "इसमें बीड़ी भी दिखेगी? यह कहता है छोड़ दी."

औषध नीट जमलं. टोचलं. प्रतिपिंड हा आळशी प्रवासी आहे, रक्तात फिरत राहतो आणि गाठीपाशी पोचून स्थिर व्हायला दिवस घेतो. त्यामुळे चित्र पाचव्या दिवशी काढायचं ठरलं. तोवर जवळच्या धर्मशाळेत राहा, लहान मुलांना मांडीवर घेऊ नका, पाचव्या दिवशी सकाळी या, असं सगळं सांगून, लिहून, वाचून दाखवून झालं. पाचव्या दिवशी सकाळी कोणी आलं नाही. धर्मशाळेत फोन केला. टोचलं त्याच संध्याकाळी दोघं निघून गेले होते.

सात महिन्यांनंतर जमलेलं औषध एका माणसाच्या शरीरात बसून खाणीत गेलं होतं. मी भदौरियासाहेबांकडे गेले. त्यांनी फक्त जीपची किल्ली पुढे केली. ड्रायव्हर, रामसेवक आणि मी निघालो. रामसेवकला मी मुद्दाम घेतलं, कारण त्या बाजूची बोली त्याला येत होती आणि मला वाटेत कोणीतरी गप्प बसणारं हवं होतं.

हल्के खाणीत सापडला. खरंच दगड फोडत होता. अंगभर पांढरी धूळ, तोंडाला फडकंसुद्धा नाही. मी संतापून नुसतं त्याच्या हातोड्याकडे बोट केलं. रामसेवकनंच विचारलं, "क्यों भाग आए?"

"भागे कहाँ? सुई लग गई, आराम हो गया. काम पे आ गए."

"वह इलाज नहीं था," मी म्हणाले. "फक्त..." आणि मग हिंदीत, "सिर्फ़ देखने की दवाई थी."

त्याला ते पटलं नाही. देखने की दवाई ही कल्पनाच त्याला फसवणुकीची वाटली. त्याचं चूक नव्हतं. दवा घेतली की बरं वाटावं, एवढाच त्याचा दवाखान्याशी करार होता. गेंदाबाई झोपडीतून आली आणि तिनं त्याच्या हातातला हातोडा काढून घेतला. "जा. मैडम गाड़ी लेके आई हैं." जीपमध्ये तो पूर्ण रस्ता खिडकीबाहेर बघत होता.

दुपारी त्याला कॅमेऱ्याखाली झोपवलं. चित्र हळूहळू पडद्यावर येतं, ठिपक्यांनी भरत जातं. आधी यकृत दिसतं, ते नेहमीच दिसतं. मग उजवीकडे वर ठिपके दाट होऊ लागले. दहा मिनिटांत तिथे स्पष्ट गोळा. डावीकडे काहीच नाही. नेहमीची फिकट सावली, बस. भदौरियासाहेब माझ्या मागे उभे होते. त्यांनी साखरेचं जुनं चित्र शेजारी लावलं. त्यात डावीकडे पाच दिवे, यात एकही नाही.

"अच्छा," ते म्हणाले. आणि लगेच, "लेकिन मैं मानूँगा नहीं. सुई डालकर देखेंगे."

त्यांनी मानलं असतं तर मीच भांडले असते. आमच्यासारख्या नवीन स्कॅनवर कोणाची छाती उघडायची किंवा न उघडायची हे ठरवत नाहीत. डावीकडच्या मोठ्या गाठीतून तुकडा काढला. धूळ आणि टीबीचे जुने व्रण निघाले, कॅन्सर नाही. मग उजवीकडचं ऑपरेशन झालं. हल्के बरा होऊन गेला. जाताना त्यानं मला विचारलं की आता तरी खरी दवाई दिली ना.

आमचा अभ्यास त्यानंतर फार चालला नाही. बोटांवर मोजता येतील इतके रोगी झाले. मग प्रतिपिंडाच्या कुप्या येणं बंद झालं, आणि ज्यांना अहवाल पाठवला त्यांनी लिहिलं की संख्या अपुरी असल्यामुळे निष्कर्ष काढता येत नाही. वाक्य शंभर टक्के खरं होतं. मी तो कागद फाइलला लावला.

माझ्या निवृत्तीला दोन महिने उरले असताना एका सकाळी विभागाबाहेरच्या बाकावर हल्के बसलेला दिसला. शेजारी चार माणसं, चौघंही खोकत होती.

"मैडम, ये हमारे साथ के हैं. इनको भी वही सुई लगा दीजिए."

मी सांगितलं की ती सुई आता बंद झाली, आणि ती सगळ्यांसाठी नसतेच. आधी कॅन्सर आहे की नाही हे कळावं लागतं. हल्केचा चेहरा पडला. "तो हम इनको काहे को लाए?"

मला राग आला. त्याचा नव्हे. मी चौघांना विचारलं, कधी छातीचा एक्स-रे काढला? एकानं काढला होता, कागद हरवला. थुंकी तपासली? कोणीच नाही. का नाही? रांगेत दिवस जातो, आणि खिडकीपाशी पोचलं की सांगतात दुसऱ्या खिडकीवर जा.

मी त्यांना घेऊन छातीच्या ओपीडीच्या रांगेत उभी राहिले. खिडकीतल्या मुलीनं मला ओळखलं. "मैडम, आप लाइन में क्यों? अंदर से आ जाइए ना." मी म्हणाले, मी अंदरून येईन, पण हे चौघं कसे येतील? म्हणून रांगेतच बरी आहे. दीड तास गेला. दोनदा दुसऱ्या खिडकीवर पाठवलं. मी दोन्ही वेळा गेले आणि परत आले. चौघांचे एक्स-रे झाले, आणि चौघांना थुंकीसाठी झाकणाच्या छोट्या डब्या मिळाल्या. सकाळी उठल्या उठल्या खोल खोकून हिच्यात थुंकायचं आणि इथे आणून द्यायचं, हे मी त्यांना समजावत होते. त्यातल्या सगळ्यात वयस्कर माणसानं डबी उजेडात धरून पाहिली.

"इसमें भी वह दिखाने वाली दवाई है?"

"नहीं दादा, यह खाली है. इसमें आपको ही कुछ डालना है."

तिघांच्या डब्या आल्या. दोघांना टीबी निघाला. गोळ्या सुरू झाल्या, त्या त्यांनी नियमित घेतल्या, हल्केनं घ्यायला लावल्या. तिसऱ्याच्या थुंकीत काही नव्हतं, एक्स-रेत नुसती धूळ. तिच्यावर औषध नाही, हे त्याला मीच सांगितलं.

डबी उजेडात धरणारे दादा परत आले नाहीत. पर्चीवर नाव आणि गाव होतं, फोन नव्हता. हल्के म्हणाला, ठेकेदाराबरोबर धौलपूरच्या बाजूला गेले, कुठल्या खाणीत ते ठाऊक नाही. निवृत्तीच्या दिवशी विभागात हार, नारळ, भाषणं झाली. भदौरियासाहेब माझ्याबद्दल चांगलं बोलले आणि तेही भांडल्यासारखंच. ते संपल्यावर मी छातीच्या ओपीडीत गेले आणि डब्यांच्या टेबलावर बसणाऱ्या सिस्टरला विचारलं, चौथी आली का.

तिनं वही उघडून बोट फिरवत खालपर्यंत पाहिलं.

"नहीं मैडम," ती म्हणाली. "अभी तक तो नहीं."